थांबण्याची ऐपत : हळदीच्या बाजारावरील एका पुस्तकाची प्रस्तावना

फाल्गुनात, उन्हे नुकती चटका देऊ लागली असता, हिंगोलीच्या हळदीच्या मोंढ्यात सकाळी जाऊन उभ्या राहणाऱ्या परक्या माणसाला प्रथम जाणवते ती धूळ; हमालांच्या पापण्यांवर, अडत्यांच्या चोपड्यांवर, खरीददारांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर आणि रात्रभर ट्रॅक्टरवर बसून आलेल्या शेतकऱ्याच्या उपरण्यावर ती सारख्याच निःपक्षपातीपणे बसलेली असते, आणि बाजारात इतक्या समतेने वाटली जाणारी दुसरी वस्तू मला तरी आढळलेली नाही. बीट, म्हणजे लिलाव, सुरू होण्यापूर्वी खरीददार ढिगातून एक कांडी उचलतो, ती मोडतो, तिच्या गाभ्याचा रंग पाहतो, मोडतानाचा आवाज ऐकतो आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे वळतो. बोलणे होते ते दुसऱ्याच एका प्रश्नाविषयी. तो प्रश्न शेतकरी अडत्याला विचारतो, अडत्या खरीददाराला विचारतो, खरीददार दूरध्वनीवरून सांगलीस, निजामाबादेस किंवा इरोडला विचारतो : यंदा लागवड किती होईल? या प्रश्नाचे खरे उत्तर कोणापाशीही नसते, असले तरी ते सांगण्यात कोणाचे हित नसते, आणि जे उत्तर मिळते त्यावर विसंबून जो तो आपली लागवड, साठवण व खरेदी ठरवीत असल्यामुळे उत्तर मिळताक्षणीच ते खोटे ठरावयास आरंभ होतो. पुढील पानांचा विषय हाच विलक्षण प्रकार होय.

अशा व्यवहाराला या पुस्तकात ‘व्यामिश्र व्यवस्था’ असे नाव दिले आहे. ‘गुंतागुंतीची’ हा शब्द हाताशी असता हा जड शब्द कशासाठी, असा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. परंतु दोहोंत भेद आहे आणि तो भेदच या विषयाचा पाया आहे. ‘व्यामिश्र’ हा शब्द आपल्या परंपरेत नवा नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच अर्जुन श्रीकृष्णाच्या बोलण्याविषयी तक्रार करतो ती याच शब्दाने, आणि मला एक काय ते निश्चित करून सांगा, असे मागणे मागतो. व्यापाराच्या धोरणाविषयी सल्ला विचारावयास येणारा प्रत्येक मनुष्य हेच मागणे मागत असतो. त्या मागण्याला पुढे अनेक अध्यायांचे उत्तर द्यावे लागले, ही गोष्ट सल्ला देणाराने व घेणाराने, दोघांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भेद कोणता, हे सांगण्यास हिंगोली जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो इंडिया’ ही वेधशाळा उभारली जावयाची आहे. केंद्र शासनाने २०२३ साली तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली, आणि परस्परांशी काटकोनात असलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. अणूच्या केंद्रकाहूनही सूक्ष्म अंतरातील बदल टिपणारे हे यंत्र मानवाने निर्मिलेल्या अत्यंत गुंतागुंतीच्या रचनांपैकी एक गणले जाते. तरीही त्याचे भाग सुटे करता येतात, प्रत्येक भागाचे कार्य स्वतंत्रपणे तपासता येते, आणि मुख्य म्हणजे ज्या कृष्णविवरांच्या मीलनाची वार्ता ते आणावयाचे आहे ती कृष्णविवरे औंढ्यात आपल्याविषयी काय भाकीत केले आहे हे वाचून आपला मार्ग बदलीत नाहीत. हळदीचा भाव मात्र भाकीत वाचतो. भाव वाढणार अशी बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात आली की दुपारी आवक घटते, आवक घटली की भाव खरोखरच चढतो, चढलेला भाव पाहून पुढील वैशाखात बेणे शोधणारांची संख्या वाढते, आणि त्या बातमीने जो भाव चढविला तोच बारा महिन्यांनी पाडण्याची तजवीज तिनेच करून ठेवलेली असते. यंत्र गुंतागुंतीचे असते. ज्यात वावरणारे लोक एकमेकांकडे पाहून आणि एकमेकांच्या अंदाजांचा अंदाज बांधून आपले वर्तन पालटीत असतात, तो मोंढा व्यामिश्र असतो.

विज्ञानाच्या दरबारात या भेदाची नोंद तशी अलीकडची आहे. १९४८ साली, म्हणजे ज्या वर्षी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन हा मुलूख निजामाच्या अमलातून मोकळा झाला त्याच वर्षी, वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने एक छोटासा लेख लिहून असे प्रतिपादिले की दोनचार राशींचे प्रश्न विज्ञानाने सोडविले, कोट्यवधी असंबद्ध कणांचे प्रश्न संख्याशास्त्राने सोडविले, परंतु या दोहोंच्या मधला, म्हणजे परस्परांशी बांधलेल्या मध्यम संख्येच्या घटकांचा जो विस्तीर्ण प्रांत आहे, तो अजून अस्पर्शच आहे. शेती, बाजार, पेढी, कारखाना हे सर्व याच मधल्या प्रांतातले. पुढे जे फॉरेस्टर या अभियंत्याने जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकीतील गृहोपयोगी यंत्रांच्या कारखान्यांचे कोडे हाती घेतले : काही वर्षे तेथे तीन-चार पाळ्या चालत आणि काही वर्षे निम्मे कामगार घरी बसविले जात. व्यवस्थापकांचा दोषारोप देशातील तेजीमंदीच्या चक्रावर होता. फॉरेस्टरने कागदावर हाताने आकडेमोड करून दाखविले की बाहेरची मागणी अगदी स्थिर धरली तरीही कारखान्याच्या स्वतःच्याच नेमणुकीच्या व साठ्याच्या नियमांतून ही आंदोलने उत्पन्न होतात. १९६१ च्या त्याच्या ग्रंथाने या विचाराला शास्त्राचे रूप दिले. ‘बाजार आमच्यावर कोसळला’ असे म्हणण्यापूर्वी आपल्याच दप्तरात एकदा डोकावून पाहावे, असा त्याचा मथितार्थ मला वाटतो, आणि तो ज्यांना पटला नाही अशा व्यापाऱ्यांची संख्या आजही मोठी आहे.

आता हळदीच्या वर्षाकडे वळू. कारण या पुस्तकाचे निम्मे मर्म त्या वर्षाच्या लांबीत आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास बेण्याची शोधाशोध सुरू होते, मे-जूनमध्ये लागवड होते, आठनऊ महिने पीक जमिनीत राहते, कंदमाशी, कंदकूज आणि करपा यांतून जे वाचते ते माघ-फाल्गुनात काढले जाते, मग ते शिजवावे लागते, पंधरवडाभर उन्हात वाळवावे लागते, ढोलात घालून पॉलिश करावे लागते, आणि तेव्हा कोठे चारपाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल सुकी हळद पोत्यात पडते. निर्णयापासून विक्रीची पट्टी हाती येईपर्यंत अशा रीतीने जवळजवळ वर्ष लोटते. निर्णय मात्र निर्णयाच्या दिवशीच्या भावावर घेतलेला असतो. १९३४ साली निकोलस काल्डॉर याने अशा विलंबातून उद्भवणाऱ्या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली, कारण आलेखावर भाव व उत्पादन यांची रेषा जाळ्याप्रमाणे फिरत राहते. त्यापूर्वी जर्मनीत आर्थर हानाऊने डुकरांच्या बाजारात हेच चक्र आकड्यांनी दाखविले होते. आपल्याकडे त्याची साक्ष हळदीने काढली आहे. २०१० साली क्विंटलला पंधरा हजारांच्या घरात गेलेला भाव २०१२ च्या हंगामात चार हजारांच्या आसपास उतरला. त्यानंतर कितीएक वर्षे तो पाचसात हजारांच्या दरम्यान रेंगाळला. आणि २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत सहासात हजारांवर असलेली हळद त्याच वर्षीच्या ऑगस्टात दुपटीच्या वर गेली. मार्चात ज्याने विकली आणि ऑगस्टात ज्याने विकली त्या दोघांच्या बांधाला बांध लागलेला असू शकतो, जमीन एकच, जात एकच, कष्ट तेवढेच; अंतर केवळ पाच महिन्यांचे.

परंतु डुकरांच्या बाजाराहून हळदीचा बाजार दोन बाबतींत अधिक व्यामिश्र आहे, आणि पाठ्यपुस्तकातील कोळ्याचे जाळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. पहिली बाब बेण्याची. एकरी सुमारे दहा क्विंटल ओले कंद बेणे म्हणून लागतात. म्हणजे ज्या वस्तूची विक्री करावयाची तीच वस्तू पुढील पिकाचे बीज असते. भाव चढला की शेतकरी जास्त बेणे राखतो, शेजाऱ्याला विकतो, आणि तेवढा माल शिजण्यापासून, पर्यायाने बाजारात येण्यापासून अडतो. त्यामुळे चढता भाव आणखी चढतो. भाव पडला की बेण्याला कोणी विचारीत नाही, राखलेले कंदही काहिलीत जातात आणि पडता भाव आणखी पडतो. चढण अधिक उभी आणि उतार अधिक निसरडा करणारा हा फेरा कोणा सटोडियाने रचलेला नाही. तो पिकाच्या शरीरधर्मातच आहे. दुसरी बाब टिकाऊपणाची. नीट वाळविलेली हळद वर्षानुवर्षे टिकते, म्हणून यंदाच्या भावात गेल्या तीन वर्षांचा शिल्लक माल मिसळलेला असतो, आणि तो माल नेमका किती हे कोणत्याही तहसिलीच्या कागदांत सापडत नाही. पिकाची पैसेवारी सरकार काढते. गोदामातील पोत्यांची पैसेवारी कोण काढणार?

१९९४ साली ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने सांता फे येथील एका मद्यगृहाचे उदाहरण घेऊन एक चमत्कारिक प्रश्न मांडला. गुरुवारी तेथे संगीत असे. शंभरांपैकी साठांहून कमी लोक आले तर मौज, अधिक आले तर नुसती गर्दी. आणि कोण येणार हे प्रत्येकाने परस्परांना न विचारता ठरवावयाचे. सर्वांना पटेल असे कोणतेही एक भाकीत येथे खरे ठरू शकत नाही, कारण सर्वांना ते पटले की सर्व जण एकाच बाजूने वागतात आणि भाकीत कोसळते. मद्यगृह हे उदाहरण वारकऱ्यांच्या मुलखात, नामदेवांच्या नर्सीपासून हाकेच्या अंतरावर, सांगताना किंचित संकोच वाटतो. पण हळदीची लागवड हा तोच प्रश्न आहे. आर्थरने संगणकावर दाखविले की अशा स्थितीत भिन्नभिन्न अजमास बाळगणारी माणसे असली तर उपस्थिती साठाच्या आसपास घुटमळते. म्हणजे बाजार जो काही सांभाळला जातो तो सर्वांच्या शहाणपणाने नव्हे, अंदाजांच्या विविधतेने. एकाच भ्रमणध्वनी-संदेशातून एकच सल्ला मराठवाड्यातील हजारो शेतकऱ्यांना एकाच सकाळी पाठविण्याची जी हौस सध्या बोकाळली आहे, तिचे समर्थन करणारांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

व्यापारनीतीच्या पुस्तकांत सहसा स्पर्धेची जागा निवडण्यावर भर असतो. जागा मुळात घडते कशी, हे मात्र फारसे सांगितलेले नसते. सांगली हे त्याचे उत्तम उदाहरण. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या मातीत खोदलेली पेवे हे हळद साठविण्याचे अपूर्व साधन होते. पेव बंद झाले की आतील प्राणवायू संपतो, किडीला जगणे अशक्य होते, आणि पेव उघडल्यावर माणसालाही काही काळ थांबूनच आत उतरावे लागते. साठा तेथे म्हणून व्यापारी तेथे, व्यापारी तेथे म्हणून पेढ्या व बँका तेथे, त्या तेथे म्हणून दूरदूरच्या प्रांतांतला माल तेथे. प्रत्येक कारण दुसऱ्याचे कार्य होत जाऊन एक गाव देशाच्या हळदीचे नाव झाले. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, अनेक पेवे निकामी झाली, तरी सांगलीचा बाजार हलला नाही. माल गोदामांत व शीतगृहांत गेला आणि व्यापारी जागच्या जागी राहिले. जे साधन म्हणून आले ते संपले आणि जी सवय म्हणून जडली ती उरली. मराठवाड्याची हळद दीर्घकाळ तिकडेच जात राहिली याचे कारण अंतर नव्हे, दर्जा नव्हे. पूर्वीच्या सर्व हळदीने तोच रस्ता धरला होता, हेच.

म्हणूनच हिंगोली व वसमत येथे हळदीचे स्वतंत्र बाजार उभे राहिले ही मला एखाद्या कारखान्याच्या उद्घाटनाहून मोठी घटना वाटते. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला पाच तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा. येलदरी-सिद्धेश्वरचे व इसापूरचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस आणि हळद यांनी कापूस-ज्वारीची जागा घेतली. आणि आज शेजारच्या जिल्ह्यांतील हळदही हिंगोलीच्या मोंढ्याकडे वळते. आता तोच फेरा येथे फिरू लागला आहे : आवक वाढते म्हणून खरीददार येतात, खरीददार येतात म्हणून आवक वाढते. ‘वसमत हळदी’ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादेस सुरू झाले. जगातील हळदीच्या तीन चतुर्थांशांच्या आसपास उत्पादन ज्या देशात होते त्या देशाला असे मंडळ इतकी वर्षे नव्हते, हे येथे नमूद करून पुढे जातो.

आता मुख्य वाद. व्यामिश्रतेचा विचार ऐकल्यावर व्यवहारी मनुष्य विचारतो : भाकीत करता येत नाही म्हणता, मग धोरण ते कसले? हा प्रश्न योग्य आहे आणि पुष्कळ विद्वानांनी त्याला ‘लवचिकता’, ‘जुळवून घेणे’ असल्या मऊ शब्दांनी बगल दिली आहे. या पुस्तकाचे उत्तर अधिक रोखठोक आहे. जेथे भाव जाणता येत नाही तेथे धोरण म्हणजे कोणताही भाव आला तरी पुढील हंगामात उभे राहता येईल अशी आपल्या कारभाराची मांडणी, आणि हळदीच्या व्यापारात या मांडणीचा गाभा एकच : थांबण्याची ऐपत. वसमतकडचा जाणता शेतकरी ऊस आणि हळद दोन्ही ठेवतो, कारण उसाला कायद्याने ठरलेला रास्त व किफायतशीर दर आहे आणि हळदीला हमीभावही नाही. एकाने घर चालते, दुसऱ्याने कधीतरी घर बांधले जाते. त्याने कोणाचे ग्रंथ वाचलेले नसतात. परंतु हेन्री मिंट्झबर्ग व जेम्स वॉटर्स यांनी १९८५ साली जे सांगितले, की पुष्कळ धोरणे आधी योजलेली नसतात, केलेल्या कृत्यांच्या ओघातून ती उमटत जातात आणि मागाहून ओळखू येतात, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आणि ज्याला थांबता येत नाही त्याचे काय? मार्चअखेर सोसायटीची वसुली असते, मजुरांची व शिजवणीची देणी असतात, वैशाखात घरात लग्न असते. म्हणून जेव्हा सर्वांची हळद एकदम मोंढ्यात येते तेव्हाच त्याचीही येते. फॉरेस्टरच्या भाषेत विलंब हा व्यवस्थेचा गुणधर्म आहे. मोंढ्याच्या भाषेत विलंब ही मालमत्ता आहे, ती गोदामवाल्याकडे असते आणि पीक काढणाऱ्याकडे नसते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून अस्तित्वात आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने १८० दिवसांच्या मुदतीने घ्यावे, आणि भाव पाहून विकावे, इतकी ती साधी आहे, आणि तीत हळदीचा समावेश आहे. मार्च ते ऑगस्ट हे अंतर १८० दिवसांत बसते! भाव सांगणाऱ्या दहा यंत्रणांपेक्षा अशा एका गोदामाचा उपयोग अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे. वायदेबाजाराविषयी माझा उत्साह बेताचा आहे. तेथील करार टनांत मोजतात, डिलिव्हरी मुख्यत्वे निजामाबादेची, आणि भाव विरुद्ध गेला की रोज भरावयाची रक्कम ज्याच्यापाशी आहे त्याला मुळात फारशी भीती नसतेच.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. सर्व काही सर्वांशी निगडित आहे असे म्हणत राहिले की कोणीच कशाला जबाबदार नाही, असे म्हणण्याची सोय होते. मोंढ्यात पोत्यामागे कापला जाणारा कडता, ओलाव्याच्या नावाखाली होणारी घट, पट्टी देण्यातील दिरंगाई या गोष्टी व्यामिश्र नाहीत; त्या सरळ आहेत, आणि त्यांच्यावर सरळ उपाय आहेत. विज्ञानाचा हा नवा प्रांत त्यांवर पांघरूण घालण्यासाठी वापरला गेल्यास तो दोष विज्ञानाचा नसेल, तरी लेखकांचा काही अंशी असेल. या बाबतीत आमचा आदर्श जुना आणि घरचा आहे : पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३३ साली पुण्यातील फळबाजाराची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत तत्त्वचर्चेआधी बाजारात उभे राहून मोजदाद केलेली आहे.

पुढील प्रकरणांची मांडणी त्याच क्रमाने आहे : प्रथम मोंढा, मग साठवण, मग लागवडीचा निर्णय, आणि सर्वांत शेवटी गणित. गणिताचे प्रकरण वगळले तरी पुस्तकाचा आशय हाती लागेल. ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी साठवणीचे प्रकरण आधी वाचावे, आणि शक्य तर आपल्या मागील पाच वर्षांच्या विक्रीपट्ट्या जवळ घेऊन, प्रत्येक पट्टीवरची तारीख भावाच्या आधी पाहून वाचावे. पुढील हंगामाचा भाव जाणून घेण्यासाठी ज्यांनी हे पुस्तक उघडले असेल, त्यांची क्षमा मागतो. तो आकडा यात कोठेही दिलेला नाही.